ओले रूळ

एक डिझेल इंजिन, दोन उघडे डबे, एकशे ऐंशी मीटर रूळ. डब्यांत माणसांऐवजी वाळूच्या चोवीस गोण्या. नऊ स्वयंसेवक, त्यांतले चार धाटावच्या कारखान्यांतली रात्रपाळी संपवून थेट आलेले. रोह्याजवळच्या एका बंद कारखान्याची ही छोटी रेल्वे त्यांनी दोन वर्षं खपून चालती केली होती.

तपासनिसांसमोर चाचणी एकदाच होणार होती. ताशी दहा किलोमीटरवर ब्रेक लावायचा. चुन्याच्या रेघेपासून बारा मीटरच्या आत थांबली तर गाडी राहणार. नाहीतर जागेचा मालक दुपारी सगळं भंगारात काढणार. भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी येऊन उभा होता. सकाळच्या तीन सरावांत त्यांच्यातल्या मैनाने मोजलेले आकडे होते ११.७०, १२.३० आणि ११.९० मीटर. रूळ दवाने अजून ओले होते.

तपासनीस चहाला गेले, तेवढ्यात जनूने एक गोणी फाडली आणि चाकं घसरू नयेत म्हणून रेघेच्या पुढे रुळांवर वाळू पसरली. कोणी त्याला अडवलं नाही. स्वयंसेवकांतला कमळाकर फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

मुरादचाचा इंजिनातून उतरले. कारखाना चालू असताना एकवीस वर्षं हे इंजिन त्यांनीच चालवलं होतं. खांद्यावरचा रुमाल काढून ते वाकून रुळांवरची वाळू पुसू लागले.

"चाचा, काय करताय?" जनू धावला. "सायेब येतील आता!"

"म्हणून तर पुसतोय."

"तो भंगारवाला बघा. टपून बसलाय निस्ता."

"उद्या डब्यात पोरं बसतील. मधी कोण आडवा आला तर काय सांगू त्याला? थांब बाबा, आमचा जनू वाळू घेऊन येतोय?"

कोणीतरी हसलं. जनू हसला नाही. "आनि नाय थांबली तर?"

मुरादचाचांनी दुसरा रूळ पुसायला घेतला.

तपासनीस आले. शिट्टी झाली. रेघ येताच मुरादचाचांनी ब्रेकचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. चाकं किंचाळली, थोडी घसरली, गाडी थांबली.

टेपचं टोक रेघेवर बुटाखाली दाबून तपासनीस तिथेच उभे राहिले. टेप उलगडत मैना पुढच्या चाकाशी गेली. बाकीचे तिच्याभोवती जमले. आकडा तिच्या अंगठ्याखाली होता. तिने अंगठा काढला, टेप ताणली, पुन्हा पाहिलं.

"किती?" तपासनिसांनी तिकडून विचारलं.

"बारा मीटर, सहा सेंटिमीटर."