पिल्लांचा पास

सकाळी आठला भरलेल्या मच्छीबिजाच्या पाच पिशव्या अकरा वाजले तरी मत्स्यबीज केंद्राच्या पडवीतच पडून होत्या. पिशवीत थोडं पाणी, वर कोंडलेली हवा आणि हजार-हजार पिल्लं. गावच्या तलावासाठी बीज न्यायला आलेली ताराबाई पिशव्यांवर टिचकी मारून बघत होती. पिल्लं आता टिचकीला दचकत नव्हती.

"साहेब, हातानं लिहून द्या ना बीज नेण्याचा पास. गाव दोन घंट्यांवर हाये."

केंद्राच्या प्रफुल्ल साहेबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, हाताचं बंद झालं. सगळं क्लाउडवर आहे. मशीन हैदराबादेत, आपण नुसतं भाडं भरायचं. देखभालीचा खर्च निम्म्यावर आणलाय मी."

आणला होता खराच. दोन हजार नऊ सालचं हे नवं खूळ येताच साहेबांनी जुना कम्प्युटर भंगारात घातला, तो दुरुस्त करणाऱ्या श्रावणला घरी बसवलं आणि पासाची छापील पुस्तकं जाळून टाकली. उरली ती हैदराबादेच्या मशीनला जोडणारी एक तार, आणि ती सकाळीच चामोर्शीच्या वाटेवर तुटली होती. एवढी अक्कल मिरवायला गळ्यात टाय लागतो, ताराबाईच्या मनात आलं.

"मंग लाइन येईपर्यंत पिल्लाइनं श्वास रोखून धराचा का?"

"सिस्टीमपुढे माझं काही चालत नाही."

बाराच्या सुमारास एका पिशवीत पांढरी पोटं वर आली. आता गाव गाठणं शक्य नव्हतं. ताराबाईने कुणाला विचारलं नाही. एकेक पिशवी उचलून ती केंद्रामागच्या तलावावर घेऊन गेली. तलाव दुसऱ्या गावाचा होता. तिच्या गावाची वर्षभराची मासळी परक्यांच्या जाळ्यात जाणार, हे तिला कळत होतं. तरी तिने घाई केली नाही. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं पाणी बाहेरच्यासारखं होऊ दिलं, मग रबर सोडलं. साहेब काठावरून ओरडत होते, "पासाशिवाय? अहो, पासाशिवाय?"

दोनला लाइन आली. साहेब कागद फडकवत आले.

"पाहा ताराबाई! नाव, गाव, तलाव, पाच हजार नग. एक अक्षर चुकलं नाही."

ताराबाईने पास घेतला, रिकाम्या पिशवीत टाकला, तोंडाला रबर बांधलं आणि पिशवी त्यांच्याच हातात दिली.

"न्या, आमच्या तलावात सोडा. पाहू, उन्हाळ्यापर्यंत केवढा होते."