घरी बसवण्याचा हक्क

निष्क्रिय नगरसेवकाला मुदतीआधीच घरी बसवण्याचा हक्क मतदारांना मिळाला, आणि शिवणकाम करणाऱ्या मावशी मशीन झाकून घरोघरी सह्या मागत हिंडू लागल्या. त्यांच्या उंबऱ्यात तीन वर्षे गटाराचे पाणी साचत होते. मतदानाच्या दिवशीही ज्या दारांनी कडी काढली नव्हती, ती दारे त्यांच्यासाठी उघडली. चार महिन्यांत निम्म्याहून अधिक प्रभागाने सह्या केल्या.

पालिकेतल्या कारकुनाने पान न् पान तपासले.

"कमाल केलीत, मावशी! नाव ठेवायला जागा नाही. फक्त तुम्ही याच प्रभागात राहता, असा दाखला जोडा."

"एवढंच ना? आत्ता आणते. कोण देतं तो?"



कारकून खाली मान घालून म्हणाला, "तुमचे नगरसेवक."