अजून वर

तात्यांनी निवडुंगाच्या बुडाशी अंगठा दाबला आणि तो पेरभर आत गेला.

"झालं," ते म्हणाले. "बूड कुजलंय."

शेजारच्या क्षिप्राचा चेहरा उतरला. निवडुंग हातभर उंच, वरून हिरवागार. जहाजावर जाताना तिच्या भावाने, सलिलने, तो तिच्या हवाली केला होता. पुढच्या आठवड्यात सलिल घरी यायचा होता.

"पण तात्या, दिसायला तर चांगला आहे की."

"दिसण्यावर जाऊ नये. याला काही झालं तरी ओरडून सांगता येत नाही. आपणच दाबून बघायचं. वाळू कुठली घातलीस?"

"किनाऱ्यावरची. निवडुंगाला वाळूच लागते ना?"

"अगं, खारी वाळू! आणि पाणी?"

"रोज. पण थोडंसंच."

तात्यांनी कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेला हा माणूस निवृत्तीनंतर चौलभर निवडुंगांचा डॉक्टर म्हणून मिरवत होता. खऱ्या डॉक्टरला मात्र तोंड चुकवत होता. डाव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती, आणि आता तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. साखरेचा आजार जुनाच. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन बजावलं होतं, ताबडतोब अलिबागला दाखवा, उशीर केलात तर पाय जाईल. तात्यांचं उत्तर एकच. दुखत नाही, तर जायचं कशाला? चार दिवसांत दोनदा त्यांनी सदाची रिक्षा दारातून परत पाठवली होती.

आज ती पुन्हा दहाला येणार होती. आत त्यांच्या पत्नी, गोदूताई, अलिबागसाठी पिशवी भरत होत्या.

तात्यांनी वर्तमानपत्राची जाड पट्टी केली, निवडुंगाच्या कमरेला गुंडाळली आणि तो कुंडीतून उपसून पाटावर आडवा केला. बुडाकडचे काटे सुटून पडवीभर सांडले. मग ते उठले, अनवाणीच कपाटापर्यंत गेले, स्पिरिटची बाटली आणि सुरी घेऊन आले आणि स्टुलावर पाय पुढे करून बसले.

गोदूताई पिशवी घेऊन बाहेर आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या. कपाटापासून स्टुलापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते. एका पावलाआड एक. शेवटचा ठिपका तात्यांच्या डाव्या टाचेखाली होता, आणि टाचेत निवडुंगाचा काटा रुतलेला होता.

एवढा काटा गेला तर माणूस घर डोक्यावर घेतो, आणि हे शांतपणे सुरी पुसत बसले होते.

क्षिप्रालाही तो दिसला. तिने तोंड उघडलं, पण गोदूताईंनी मान हलवून तिला गप्प केलं.

फाटकाशी हॉर्न वाजला.

"सदाला सांग, आज जमायचं नाही," तात्या म्हणाले. "इथे ऑपरेशन चालू आहे."

कोणीच हललं नाही. तात्यांनी पहिला काप घेतला. चकती मऊ, काळपट, वास मारणारी.

"अजून वर."

त्यांनी सुरी पुन्हा स्पिरिटने पुसली. दुसरी चकती जरा टणक निघाली, पण मधोमध तपकिरी कडं होतं. क्षिप्रा पाटाकडे बघत नव्हती. ती टाचेकडे बघत होती.

गोदूताई खाली बसलेल्या पाहून तात्या हसले. "पाया पडून उपयोग नाही हं. मी येणार नाही म्हणजे नाही."

गोदूताईंनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. काटा चिमटीत धरला. तो सहज येईना. त्यांनी ओठ घट्ट मिटले, डोळे नवऱ्याच्या चेहऱ्यावर लावले आणि ओढला.

"अजून वर," तात्या म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष तिसऱ्या चकतीत होतं. "कडं बारीक होत चाललंय बघ, क्षिप्रा. एक ठिपका जरी मागे राहिला ना, तरी तो पुन्हा वर चढतो. इथे दयामाया कामाची नाही."

चौथा काप. पांढरट हिरवा, स्वच्छ, पाणीदार. तात्यांनी तो उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"वाचला! आता आठ दिवस सावलीत वाळवायचा, जखमेला गंधक लावायचं, मग कोरड्या रेतीत उभा करायचा. नदीच्या रेतीत. वेळेवर आणलास म्हणून. आणखी आठवडाभर थांबली असतीस, तर शेंड्यापर्यंत गेलं असतं."

क्षिप्राने नुसती मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते. तात्यांना वाटलं, आनंदाने.

गोदूताईंनी कापलेल्या चकत्यांशेजारी काटा ठेवला. बोटाच्या पेराएवढा, अर्धा लाल.

तात्यांनी तो उचलून चष्म्यासमोर धरला. "हा याचाच. बुडाकडचा. कुठे सापडला?"

"तुमच्या टाचेत," गोदूताई म्हणाल्या.

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फरशीवरच्या ठिपक्यांकडे, कपाटापर्यंत. सदाने पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. या वेळी त्याला परत पाठवायला कोणी सांगितलं नाही.

तात्यांनी सुरी पाटावर ठेवली. ते वाकले आणि टाचेवर अंगठा दाबला. थांबले. घोट्यावर दाबला. मग घोट्याच्या वर दोन बोटं. मग अजून वर. नडगीच्या अर्ध्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"इथे," ते हळूच म्हणाले. "इथे कळतंय."