निरगुडीचं कुंपण

"धाकट्या भावाचं तोंडही दिसायला नको, असं कुंपण पाहिजे," थोरला नर्सरीत म्हणाला.

"मग आपली निरगुडी न्या. फार पाणी मागत नाही, बघायला लागत नाही. बुंध्यापासून छाटली तरी पुन्हा फुटते."

दोन घरांच्या मधे निरगुडी पुरुषभर वाढली. फक्त थोरल्याच्या स्वयंपाकघरासमोर ती काही केल्या कमरेच्या वर जाईना. एका सकाळी तिथेच धाकटा कात्री चालवताना सापडला.

"लाज नाही वाटत, माझ्या घरात डोकावायला?"

धाकटा ओशाळला. "वहिनी गेल्यापासून तू एकटाच असतोस, दादा. खिडकीत चहा घेताना दिसलास, की मगच मी कामावर जातो."

तेवढी फट बुजवायला आणलेलं नवं रोप थोरल्याने हळूच पाठीमागे लपवलं.