बिनगाडीचं बेट

लातुरात क्लासचा जम बसलेल्या श्रीनाथ सरांच्या घरात आठवडाभर एकच घोळ चालला होता. सुट्टीला ह्या बेटावर जायचं, की त्या? गाड्या दोन्हीकडं नाहीत, अन् तेच म्हणे भारी!

"अहो, ह्या बेटावर झावळ्यांच्या झोपडीत राहायचं, उघड्यावर अंघोळ करायची," मुग्धा म्हणाली.

"अगं, त्या दुसऱ्या बेटावर तर लाइटसुद्धा नाही. दिवसभर नुसतं बसायचं, अन् रात्री सगळ्यांनी बाहेर आभाळाखाली झोपायचं!" सर हरखून गेले.

किल्लारीकडं पत्र्याच्या शेडात ह्याच लेकाला वाढवलेल्या गयाबाईंनी जेवता जेवता हातातला घास ताटात टाकला.


"तिथं भूकंप कवा झालता रं?"