तळ्याकाठचा एकांत

"हे नको," हॉटेलचं माहितीपत्रक बाजूला सारत ममता म्हणाली. "इथं वराती उतरतात. मले एकांत पायजे."

प्रफुल्लनं मान डोलावली. एकांत त्यालाही हवा होता, फक्त कारण वेगळं होतं. राळेगावात त्याचं बियाण्यांचं दुकान. यंदा बड्या कंपनीच्या नावाच्या पिशव्यांत भरून त्यानं कपाशीचं खोटं बियाणं विकलं आणि वावरंच्या वावरं बोडकी राहिली. कालच तक्रार झाली होती. सोमवारी जामिनाचा अर्ज कोर्टात येईपर्यंत पोलिसांच्या हाती लागू नका, असं वकिलानं बजावलं होतं.

बायकोला त्यानं एवढंच सांगितलं, की लग्नाचा वाढदिवस नागपूरला करू. ती पोरीसारखी हरखली. बिचारी! तिच्या सख्ख्या भावालाही, धर्मपाललाही, त्यानं तेच बियाणं डोळ्यांत धूळ फेकून विकलं होतं. तिला कुठला पत्ता?

हॉटेल शेवटी तिनंच निवडलं. शहराबाहेर, तळ्याकाठी, झाडांत दडलेलं.

"महाग हाये," ती म्हणाली, "पण तिकडं कुत्रंही फिरकत नाही म्हणते."

प्रफुल्लला हायसं वाटलं. त्यानं खोली रवी या नावानं घेतली.

"कोणी इचारलं तर माहं नाव रवीच सांगजो," तो तिला म्हणाला. "गिऱ्हाईकं इथंही पिच्छा सोडत नाहीत."

"बरं."

हॉटेल थाटाचं होतं. व्हरांड्यातल्या सगळ्या खोल्यांना कुलपं. जाड गालिच्यांमुळे पावलं वाजत नव्हती, मागून कोण येतंय ते कळत नव्हतं. खिडकीबाहेर कुणी उभं आहे असं प्रफुल्लला सारखं वाटे. बाहेर पाहावं तर नुसती झाडं.

"कायले घाबरून राह्यले?" गजरा माळत ममतानं विचारलं. "इथं कोण येते?"

संध्याकाळी जेवणघरात एकच पाहुणा होता. मिशाळ, धिप्पाड. समोरचा चहा केव्हाच गार झालेला, तरी बसून होता. चोराच्या मनात चांदणं! प्रफुल्लला उठून जावंसं वाटलं. पण ममतानं आज वाढदिवस असल्याचं वेटरला हसत सांगून टाकलं होतं, आणि केक आलाही.

पाहुणा उठून त्यांच्या टेबलापाशी आला. "अभिनंदन! आपलं नाव?"

"रवी," केककडं पाहत प्रफुल्ल म्हणाला.

"वा, रवीभाऊ!" पाहुणा मनापासून हसला. "मग वहिनी, एक उखाणा होऊन जाऊ द्या."

प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. हौशी माणूस दिसतो, झालं. त्यानं ममताला डोळ्यांनी खूण केली. तिनं मान हलवली, उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरला आणि लाजत, नव्या नवरीसारखं नाव घेतलं:

"भावाच्या वावरात बी पेरलं, उगवली नाही काडी,
प्रफुल्लरावांचं नाव घेते, साहेब, आणा गाडी!"