डोळ्यांची आखणी

"मॅडम, टेम्पो माझ्यामुळं उलटला."

आठवीतली सुरभी शिक्षकखोलीच्या दारात उभी होती. एवढं बोलली आणि तिला जे हुंदके फुटले ते थांबेचनात. शिल्पा मॅडमनी हातातली हजेरी खाली ठेवली. कुठला टेम्पो, हे विचारायची गरजच नव्हती. बायजाबाईंच्या कारखान्यातून अलिबागला निघालेला गणपतींचा टेम्पो काल सकाळी वडखळच्या वळणावर आडवा झाला होता. ड्रायव्हर पोपटचा हात मोडला, बेचाळीस मूर्तींचा चुरा झाला. सण पंधरा दिवसांवर आलेला. जोहे गावात कालपासून दुसरा विषय नव्हता.

"तुझ्यामुळं कसा उलटेल, वेडे?"

"तुम्हीच म्हणालात ना, हात लावला तर काही होत नाही. म्हणून मी गेले कामाला."

आता कुठं शिल्पाच्या लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात तिनं मुलींना वयात येण्याचा धडा शिकवला होता. "पुस्तकात आहे तेवढं वाचा आणि सुटा," असं मुख्याध्यापक सुभाष सरांनी आधीच बजावलं होतं. पण वाचून सुटणं तिला जमलं नाही. पाळी म्हणजे काय, ती का येते, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळं तिनं नीट समजावून सांगितलं. मुली बाकाकडे बघत बसल्या होत्या. मग शेवटच्या बाकावरून सुरभीनं विचारलं, "मॅडम, त्या दिवसांत गणपतीच्या मूर्तीला हात लावला तर?" शिकवण्याच्या भरात शिल्पा फट्‌कन बोलून गेली, "काहीसुद्धा होत नाही!"

दुसऱ्या कुठल्या गावात हा प्रश्न तासाबरोबर संपला असता. इथं घरटी गणपतींचा एक कारखाना. शाळा सुटली की सुरभी बायजाबाईंकडे डोळ्यांची आखणी करायला जायची. तिचा हात तसाच होता, काळी रेघ एकदा ओढली की पुन्हा बघायला नको. बायजाबाईंचा नियम मात्र कडक. त्या चार दिवसांत कुठल्याही बाईनं मूर्तीला शिवायचं नाही. 'पोट दुखतंय' असा निरोप धाडायचा आणि घरी बसायचं. पुढं कुणी काही विचारत नसे. गेल्या आठवड्यात सुरभीनं निरोप धाडलाच नाही. ती गेली, मांडी घालून बसली, आणि रोजच्यासारखे डोळे काढून आली.

"कुणाला सांगितलंस हे?"

"वर्गातल्या नंदाला. तिनं तिच्या आईला सांगितलं. आता बायजाकाकी शाळेत यायला निघाल्यात. माझी आई म्हणते, उद्यापासून तुझी शाळा बंद."

खरं सांगायचं तर शिल्पाला आधी स्वतःच्याच नोकरीची भीती वाटली. जूनमध्येच तिला तासिका तत्त्वावर घेतलं होतं. उद्यापासून येऊ नका म्हणायला कुणाला कागदसुद्धा लागला नसता. आणि त्याहून वाईट भीती आणखी आत होती. स्वतः बी.एस्सी. झालेली, बी.एड. झालेली, पण पेणच्या घरी त्या चार दिवसांत देवाजवळचा दिवा तिचा नवराच लावायचा. खरंच त्यात काही असेल तर? छे! असा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. पण आला होता खरा.

बायजाबाई आल्या त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत. पदर खोचलेला, कोपरापर्यंत रंग. सुभाष सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. त्यांनी शिल्पाला बोलावलं. मागोमाग सुरभीही दारापर्यंत आली.

"पोरींना ह्ये कोनी शिकवलं?" बायजाबाईंचा आवाज पटांगणापर्यंत गेला असेल.

सर शिल्पाकडे बघायला लागले. "मुलीच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल," ते हळूच म्हणाले. "हो ना, मॅडम?"

केवढी सोपी वाट! नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी नोकरी वाचली असती. दारातली पोर तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मी शिकवलं," शिल्पा म्हणाली. "आणि जे शिकवलं ते खरं आहे. टेम्पो हिच्यामुळं उलटलेला नाही."

बायजाबाई सरांकडे वळल्या.

"सर, तुमी जरा भायेर जावा. त्या पोरीला पन घेऊन जावा."

आपल्याच खोलीतून सर मुकाट्यानं बाहेर गेले. बायजाबाईंनी दार लोटून घेतलं. आता ही बाई हात उगारते की काय, असं शिल्पाला वाटलं आणि ती टेबलाच्या कडेला चिकटून उभी राहिली. पण बायजाबाई जवळ आल्या तेव्हा त्यांचा मघाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"सुरभीच्या मूर्ती अजून फळीवरच हायत, मॅडम. टेम्पोत गेल्या त्या मी आखलेल्या. आनि तवा मी पन तसलीच होते."

बायजाबाईंनी एकदा दाराकडे वळून बघितलं.

"नेम सासूनं घालून दिला, तोच मी बायांना लावला. पन सासूला दिसत नव्हतं, आखनीला दुसरा हात नव्हता. मी कशी बसनार घरी? तेवीस वर्सं झाली, एक दिस बसले नाय. कुनाला बोलले पन नाय." त्यांनी शिल्पाचं मनगट घट्ट धरलं. "तुमी शिकलेल्या, खरं सांगा. पयल्या वर्साला माझा पोरगा गेला, चार महिन्यांचा. तो माझ्या हातानं नाय ना गेला?"